फोटोवर एम्बॉस वॉटरमार्क: कॅलेंडरपासून कॉपीराइटच्या कागदापर्यंत

ज्यांना आपल्या फोटोवर नाव टाकायचंय पण फोटोची वाट लावायची नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी काही डिझायनर नाही, नोकरी बँकेत आहे, रविवारी भिगवणला पक्षी बघायला जाते आणि कॅमेरा सोबत असतो एवढंच. त्यामुळे खाली जे काही आहे ते एका सामान्य लॅपटॉपवर, फुकटच्या सॉफ्टवेअरवर, धडपडत शिकलेलं आहे. सगळं मिळून जानेवारी 2025 ला सुरू झालं आणि कॉपीराइटचं सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत दिवाळी आली. सर्टिफिकेट लागतंच असं नाही, त्यावर पुढे बोलते.

सुरुवात झाली ती एका कॅलेंडरवरून. डिसेंबरच्या शेवटी आमच्या तालुक्यातल्या एका दुकानाने गिऱ्हाइकांना वाटायला कॅलेंडर छापलं आणि त्यात फेब्रुवारीच्या पानावर माझे रोहित पक्षी. कुंभारगावच्या बाजूने होडीतून काढलेला फोटो, पाण्यावर धुकं आणि मागे एक ओळ गुलाबी पंखांची. मी तेव्हा उजव्या कोपऱ्यात खाली बारीक पांढऱ्या अक्षरात नाव टाकायचे, तेवढी पट्टी कापून टाकलेली होती. दुकानात गेले तर मालक अगदी साधेपणाने म्हणाले, "मॅडम, आम्हाला तर हा व्हॉट्सॅपवर आला, त्यावर कुणाचं नावच नव्हतं, असतं तर विचारलं असतं की." यात भांडायचं तरी काय. कॅलेंडरं वाटून झालेली. त्यांनी चहा पाजला आणि दोन कॅलेंडरं हातात दिली.

घरी येताना ठरवलं की नाव कोपऱ्यात नको, फोटोच्या मध्येच हवं. पण मध्ये पांढरं ढळढळीत नाव म्हणजे फोटो बघवत नाही. फोटोग्राफीच्या ग्रुपवर एक दादा आहेत, ते पूर्वीपासून एम्बॉस केलेलं नाव टाकतात, म्हणजे अक्षरांना स्वतःचा रंगच नाही, फक्त कडेला एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूने सावली, जणू फोटोच्या कागदावरच नाव आतून दाबून वर काढलंय. मागचं पाणी, पंख सगळं त्यातून दिसतं. मला तेच हवं होतं.

आधी सोपा रस्ता बघितला. गावातल्या स्टुडिओवाल्याला विचारलं, तो म्हणाला एका फोटोला पाच रुपये. माझे निवडलेले फोटोच हजाराच्या आसपास, आणि दर सीझनला भर पडणार, म्हणजे हिशोब जमेना. शिवाय त्याच्याकडे मराठी नाव टाइप करताना एक वेगळीच गंमत झाली. माझ्या आडनावात ऱ्हा आहे, त्याच्या फोटोशॉपमध्ये युनिकोडमधून पेस्ट केल्यावर ऱ्हाचे तुकडे पडले आणि पहिल्या नावातली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली. तो म्हणाला श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून देतो. तसं चाललं असतं, पण खरं तर ती अडचण एका सेटिंगची असते: जरा जुन्या फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात टेक्स्ट इंजिन निवडायचं असतं, वर्ल्ड रेडी लेआउट, त्याहून जुन्या व्हर्जनमध्ये त्यालाच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन म्हणतात. ते निवडून नवीन फाइल उघडली की जोडाक्षरं नीट येतात. तुमच्याकडे फोटोशॉप असेल तर बाकीचं काम सोपं आहे. नाव टाइप करा, ते फोटोच्या वर वेगळ्या थरात म्हणजे लेयरमध्ये येतं, मग लेयर स्टाइलमधून बेव्हल अँड एम्बॉस लावा आणि लेयरचा फिल शून्यावर आणा. ओपॅसिटी नाही, फिल! ओपॅसिटी कमी केली तर उठावही जातो, फिल कमी केला तर फक्त अक्षराचा रंग जातो आणि उठाव राहतो.

माझ्याकडे फोटोशॉप नाही, आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या कामासाठी दर महिन्याला पैसे भरायची इच्छाही नव्हती. म्हणून गिंप टाकलं, फोटोशॉपसारखंच सॉफ्टवेअर. फुकट आहे. तेव्हा 2.10 व्हर्जन होतं, मार्चमध्ये 3.0 आलं, मी मधेच नवीन घेतलं. दोन्हीत खालचं काम होतं, मेनू थोडे इकडेतिकडे. गिंपमध्ये देवनागरीला काही करावं लागत नाही, ऱ्हा पहिल्याच फटक्यात बरोबर आला, तेवढ्यानेच मी अर्धी खूश.

फॉन्टवर मात्र बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता असं आता वाटतं. एम्बॉसमध्ये बारीक रेघ टिकत नाही. आधी मला नाजूक, कॅलिग्राफीसारखं काहीतरी हवं होतं, पण अशा फॉन्टमध्ये शिरोरेघेच्या वरच्या कडेचा उजेड आणि खालच्या कडेची सावली एकमेकांत मिसळून जातात आणि नावाच्या डोक्यावर एक मळकट पट्टा उरतो. शेवटी मुक्ता घेतला, एक टाइप नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, त्यातलं बोल्ड वजन. बलू पण चांगला बसतो, थोडा गुबगुबीत आहे. अजून एक, इंग्रजी नावाला लोक अक्षरांमधलं अंतर वाढवतात, दिसायला छान दिसतं, पण मराठीला ते करू नका, शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं पडतं.

आता मुख्य काम. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून मी जे करत होते ते असं: काळ्या रंगाने भरलेला एक लेयर, त्यावर पांढऱ्या रंगात नाव, दोन्ही लेयर मर्ज म्हणजे एकत्र, मग कडा धूसर करायला थोडा गॉशियन ब्लर, मग फिल्टर्समध्ये डिस्टॉर्ट्समध्ये एम्बॉस. एम्बॉस दाबलं की काळं-पांढरं सगळं जाऊन एक करडा पत्रा उरतो आणि त्यावर नाव उठून दिसतं. मग त्या लेयरचा मोड, म्हणजे तो खालच्या फोटोत कसा मिसळतो ते, हार्ड लाइट करायचा, करडा गायब होतो, उठाव राहतो. व्हिडिओत गायब होत होता. माझ्याकडे होत नव्हता! नाव यायचं पण सगळा फोटो फिकट पडायचा, धुक्यावर अजून धुकं. ओपॅसिटी कमी केली तर फिकटपणा कमी व्हायचा पण नावही जायचं. दोन-तीन रविवार नुसतं हेच, आणि वैताग असा की पक्षी बघायलाही गेले नाही.

कारण कळलं तेव्हा सोपं होतं. हार्ड लाइट मोडमध्ये बरोबर मधला करडा, म्हणजे 0 ते 255 मधला 128, हाच फक्त फोटोला काही करत नाही. त्याहून उजळ असेल तर फोटो उजळतो, गडद असेल तर काळवंडतो. आणि एम्बॉसमधून निघणारा सपाट भागाचा करडा रंग कसा असेल ते एलिव्हेशन नावाच्या आकड्यावर ठरतं. एलिव्हेशन म्हणजे कल्पनेतला दिवा किती वर धरलाय. दिवा वर तर सपाट भागावर उजेड जास्त. गिंप उघडल्यावर तो आकडा 45 असतो आणि त्यातून येणारा करडा 128 पेक्षा चांगलाच उजळ असतो, म्हणून माझं धुकं. एलिव्हेशन कमी कमी करत गेले, प्रत्येक वेळी कलर पिकरने, म्हणजे रंगाचा आकडा दाखवणाऱ्या टूलने, सपाट भागावर टिचकी मारून आकडा बघितला, 128 च्या जवळ आल्यावर फोटो एकदम जागेवर आला आणि त्यावर फक्त नाव. किती एलिव्हेशन ते मी मुद्दाम सांगत नाही, कुणाच्या व्हिडिओतला आकडा उचलण्यापेक्षा पिकरने बघा, दहा सेकंदाचं काम आहे.

त्याच फिल्टरमध्ये ॲझिमथ असतो, दिवा कुठल्या दिशेला आहे तो. डावीकडून वरून उजेड आला तर अक्षरं वर आलेली दिसतात, खालून आला तर तीच अक्षरं आत खोदलेली वाटतात. दोन्ही चालतं. माझे बहुतेक फोटो सकाळचे, उजेड एका बाजूने येतो, मी त्याच बाजूने ठेवते, म्हणजे ते नाव डोळ्यात खुपत नाही. हे माझं खूळ समजा.

उठावाची जाडी ब्लरवर ठरते. ब्लर नसेल तर कडा पत्र्यासारखी पातळ आणि दातेरी. जास्त असेल तर अक्षर भाकरीसारखं फुगतं.

हार्ड लाइटसारखाच ओव्हरले नावाचा अजून एक मोड आहे, दोन्हीतला कुठला घ्यायचा हा प्रश्न मलाही पडला होता. ओव्हरले दिसायला जास्त मऊ असतो, पण पूर्ण पांढऱ्या आकाशावर किंवा पूर्ण काळ्या सावलीवर तो काहीच दाखवत नाही, नावाचा तेवढा भाग गुल. चित्रबलाकचा पांढऱ्या आकाशावरचा एक फोटो आहे माझा, त्यात आडनावाचा पहिला अर्धा भागच दिसत होता. हार्ड लाइटमध्ये पांढऱ्यावर निदान सावलीची बाजू दिसते आणि काळ्यावर उजेडाची.

फेब्रुवारीअखेर एका फोटोवर मनासारखं झालं. मग पुढचा डोंगर, हजार फोटो. गिंपमध्ये एकेक उघडून लेयर टाकून मोड बदलून एक्स्पोर्ट करायचं तर निवृत्तीनंतरच. एकदम सगळ्या फोटोंवर वॉटरमार्क टाकणारी सॉफ्टवेअर आहेत, मी एक्सएनकन्व्हर्ट वापरलं, वैयक्तिक वापराला फुकट आहे. फोनवरच्या बऱ्याचशा ॲपमध्येही नावाची पीएनजी फाइल, म्हणजे पारदर्शक भाग ठेवता येणारी चित्राची फाइल, टाकता येते. पण फोनवरच्या ॲपला तुम्ही करडा पत्रा दिला तर तो फोटोवर करडा पत्राच ठेवणार, हार्ड लाइट वगैरे त्याला माहीत नाही.

इथे जी युक्ती सापडली ती या सगळ्या खटाटोपातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. गिंपमध्ये कलर्स मेनूत कलर टू अल्फा आहे. एम्बॉस झालेल्या करड्या लेयरवर ते उघडायचं, रंग निवडताना पिकरने त्या पत्र्याचाच सपाट करडा उचलायचा. तो करडा पूर्ण पारदर्शक होतो, त्याहून उजळ होतं ते पारदर्शक पांढरं होतं, गडद होतं ते पारदर्शक काळं. म्हणजे उरतात फक्त अक्षरांच्या कडा, एकीकडे पांढऱ्या, एकीकडे काळ्या, मधे काही नाही. ही फाइल पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट केली की कुठल्याही ॲपमध्ये, कुठल्याही फोटोवर, साध्या मोडमध्ये ठेवा, उठाव दिसतो. आणि गंमत म्हणजे यात 128 ची भानगडच नाही, करडा कुठलाही असो, जो आहे तोच उचलायचा. एलिव्हेशनशी एवढी झटापट केली नसती तरी चाललं असतं. तरी कळलं ते बरंच. कलर टू अल्फामध्ये ट्रान्सपरन्सी थ्रेशोल्ड नावाचा स्लायडर आहे तो अगदी किंचित वाढवा, नाहीतर नावाच्या आजूबाजूला पुसट डाग राहतात, पाण्यावर ते लगेच दिसतात.

पीएनजी तयार झाल्यावर मी तीन ठिकाणी तपासली. पाण्यावर अप्रतिम. पंखांवर ठीक. गवतावर आणि बाभळीच्या फांद्यांवर शोधून सापडत नाही, कारण गवताला स्वतःचाच इतका उजेड-सावलीचा पसारा असतो की त्यात नाव हरवतं. तिथे आकार मोठा ठेवावा लागतो.

मग व्हॉट्सॅपची परीक्षा. स्वतःलाच फोटो पाठवला आणि परत उतरवून घेतला. व्हॉट्सॅप फोटो लहान करतं आणि दाबतं, त्यात एक-दोन पिक्सेलची कड असेल तर ती लाटांमध्ये विरघळते. दोनशे टक्के झूम करून बघितलं तर ऱ्हाच्या पायाची सावली गेलेली, उजेड राहिलेला, आणि शिरोरेघेच्या जागी छोटे छोटे चौकोन. म्हणून क्रम पक्का केला: आधी फोटो लहान करायचा, फेसबुकसाठी लांब बाजू 2048, इन्स्टासाठी रुंदी 1080, आणि त्यानंतर नाव टाकायचं. मोठ्या फाइलवर नाव टाकून मग लहान केली तर उठावही लहान होतो आणि दाबण्यात मरतो. एक्सएनकन्व्हर्टमध्ये ॲक्शन्सची यादी असते, त्यात रिसाइझ वर आणि वॉटरमार्क खाली ठेवा. आणि आउटपुटचा फोल्डर वेगळा द्या, मूळ फाइलींना हात नको. मी मूळ फोटो वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवलेत, ते का महत्त्वाचं ते खाली येईलच.

नाव कुठे टाकायचं यावर घरात दोन पक्ष. नवऱ्याचं म्हणणं की पक्ष्याला स्पर्शही होऊ देऊ नको. पण मोकळ्या पाण्यावर नाव टाकलं तर हल्ली फोनमधल्या इरेजरने बोट फिरवलं की पाच सेकंदात साफ, सपाट पाणी पुन्हा भरणं त्याला काहीच जड नाही. नाव थोडं तरी पंखांच्या कडेवर, पायांच्या रेघांवर गेलं की पुसताना पाय वाकडे होतात, पिसं लोळतात, आणि ते दिसतं. मी आता नावाचा सुरुवातीचा भाग पाण्यावर आणि शेवट पक्ष्याच्या अंगावर असं ठेवते, डोळा आणि चोच मोकळी. अजून एक गोष्ट वाचनात आली. 2017 मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की एकाच प्रकारचा वॉटरमार्क असलेले भरपूर फोटो मिळाले तर कॉम्प्युटर त्या सगळ्यांची तुलना करून वॉटरमार्क ओळखतो आणि काढून टाकतो, आणि प्रत्येक फोटोत नावाला थोडा वेगळा वाक दिला तर ते बरंच अवघड जातं. एवढं कोण माझ्या मागे लागणार म्हणा. तरी मी चार पीएनजी केल्यात, किंचित वेगवेगळ्या तिरक्या आणि एक जरा लाटेसारखी, आणि फोटोंचे गट पाडून टाकते.

मार्चभर हे चाललं. खर्च शून्य रुपये, लॅपटॉपचा पंखा तेवढा घुरघुरत होता.

एप्रिलमध्ये ग्रुपवरच्या एका वकील ताईंनी विचारलं, रजिस्ट्रेशन केलंस का. मला वाटायचं कॉपीराइट म्हणजे आधी रजिस्टर करावा लागतो. तसं नाहीये. फोटो काढला की कॉपीराइट तुमचा, नोंदणी सक्तीची नाही, पण उद्या वाद झाला तर कोर्टात नोंदणीचा कागद हा प्रथमदर्शनी पुरावा धरतात. मी सगळे फोटो अर्थातच नाही केले, तीनच निवडले, त्यात कॅलेंडरवाला. कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर अकाउंट उघडायचं, फॉर्म चौदा भरायचा, प्रत्येक फोटोला वेगळा अर्ज. आर्टिस्टिक वर्कची फी प्रत्येकी 500, म्हणजे माझे 1500. लोगो किंवा लेबलसारखं, मालावर वापरायचं काही असेल तर फी 2000 आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा वेगळा दाखला लागतो, साध्या पक्ष्याच्या फोटोला ते नको. रकाने कंटाळवाणे आहेत पण अवघड नाहीत: कर्ता कोण, मालक कोण, फोटो आधी प्रसिद्ध झालाय का, कुठल्या साली, कुठल्या देशात. दोन्ही जागी आपणच असल्यावर कुणाचं ना हरकत पत्र लागत नाही. फोटो जोडताना मात्र बिनवॉटरमार्कचा मूळ जोडला.

पैसे भरले की डायरी नंबर येतो, तो लगेच लिहून ठेवा, सगळी चौकशी त्यावरच. त्यानंतर सक्तीचे 30 दिवस काही होत नाही, कुणाची हरकत येते का ते बघायला तेवढे ठेवलेले असतात. माझ्या फोटोवर कोण हरकत घेणार, पण तेवढे दिवस मी रोज सकाळी डब्याआधी स्टेटस बघत होते. नंतर स्क्रूटिनी म्हणजे अर्जाची तपासणी, आणि मग नुसती शांतता. पावसाळा गेला. मी बघणं सोडून दिलं आणि दिवाळीच्या आसपास सर्टिफिकेटं आली, तिन्ही एकदम नाही, पुढेमागे.

मधल्या काळात जूनमध्ये तोच कॅलेंडरचा फोटो एका फेसबुक पेजवर दिसला, गुड मॉर्निंग लिहून. तेव्हा सर्टिफिकेट नव्हतंच. त्या साइटच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्ममध्ये लिंक दिली, मी पूर्वी टाकलेल्या पोस्टची लिंक दिली, मूळ मोठी फाइल माझ्याकडे आहे असं लिहिलं, आणि फोटो निघाला. म्हणून म्हटलं मूळ फाइली जपा. भारतातल्या 2013 च्या कॉपीराइट नियमांत अशा लेखी तक्रारीवर साइटला 36 तासांत मजकूर थांबवावा लागतो, पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा दाखवू शकतात, हेही वकील ताईंनीच सांगितलं. माझ्या वेळी पुढे काही झालं नाही.

त्यांनीच अजून एक सांगितलं, कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइट इन्फो नावाचा पर्याय असतो, त्यात नाव भरून ठेव, प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये ते आपोआप जातं. व्हॉट्सॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती उडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की राहते. आणि कुणी अशी मालकीची माहिती परवानगीशिवाय मुद्दाम काढून टाकली तर तो वेगळा गुन्हा आहे, 2012 च्या दुरुस्तीत तसं कलम आलंय, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दुकानदार काकांना मी हे सांगितलेलं नाही, उगाच घाबरतील.

आत्ता माझ्याकडे दोन मापांच्या पीएनजी आहेत. 1080 च्या फोटोंसाठी ब्लर 2 ठेवून केलेली, 2048 साठी ब्लर 4 ठेवून केलेली. एकच फाइल ताणून दोन्हीकडे वापरू नका, ताणल्यावर कडा पिचकतात. गिंपची मूळ एक्ससीएफ फाइलही जपून ठेवा, मी नावाचा लेयर मर्ज करण्याआधीची एक प्रत वेगळी ठेवलीय, म्हणजे फॉन्ट बदलावासा वाटला तर पहिल्यापासून नको. उभ्या फोटोंसाठी नाव दोन ओळींत करायचं राहिलंय, ते रोहित परत यायच्या आत उरकते. कुणाचा करडा जात नसेल तर कमेंटमध्ये पिकरचा आकडा लिहा, सांगते.